खेळांतील आगगाडी व तिचे स्वयंसेवक चालक



पन्हाळगडावर आगगाडी येत नाहीं. रूळ पाहावयाचे तर गड उतरून सुमारें २० किलोमीटरांवर कोल्हापुरास जावें लागतें. मिरजेहून येणारा तेथील लोहमार्ग इ. स. १८९१ सालीं सुरू झाला. त्या वेळीं त्याच्या दोन रुळांत एक मीटर अंतर होतें; इ. स. १९७१ सालीं त्याचें रुंद मार्गांत रूपांतर झालें. जेथें गाडीची शिटी ऐकूं येत नाहीं, तेथील मुलांस गाडीचें कौतुक अधिक असावें, हें स्वाभाविक आहे. आणि म्हणूनच शाळेच्या प्रदर्शनांत कोणीं लहान रूळ मांडून त्यांवर लहान गाडी सोडली, कीं तिच्याभोंवतीं गर्दी लोटते. ही गाडी कोणीं चालवावी, असा चालक कोठें शोधावा व त्यास कसें तयार करावें, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. पण दिवाळींतला आपला किल्ला आठवा. चार दिवस माती कालवून, अळीव पेरून, मावळे मांडून तुम्ही किल्ला करितां. पाहुणे आले म्हणजे दरवाजा, तळें, बुरूज तुम्हीच दाखवितां. तुम्ही जेवावयास घरांत गेलां तर किल्ला मुका होतो. तरी तो उभा असतो. खेळांतील आगगाडीचें तसें नाहीं. चालक उठला कीं गाडी थांबते, आणि थांबलेल्या गाडीपाशीं कोणी फार वेळ उभें राहत नाहीं. म्हणून अशी मांडणी करणाराइतकाच ती चालविणाराही आवश्यक आहे.

प्रथम या गाडीची ओळख करून घेऊं. अशा गाड्यांच्या पुष्कळ प्रचारांत असलेल्या एका मापास ‘एच्-ओ’ म्हणतात. त्यांत प्रत्येक वस्तु खऱ्या वस्तूच्या ८७ व्या हिश्शाएवढी असते. २१ मीटर लांबीचा डबा या मापानें सुमारें २४ सेंटिमीटरांचा होतो. दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असतें. मिरज ते कोल्हापूर हें सुमारें ४७ किलोमीटरांचें अंतर याच मापानें मांडूं म्हटलें, तर ५४० मीटर लांबीचें दालन लागेल! तें कोणत्या शाळेस आहे? म्हणून मांडणी करणारा निवड करितो. रुकडीजवळचा पंचगंगेवरील पूल घेतला, एक स्थानक घेतलें, थोडें शेत व थोडा रस्ता घेतला, कीं बाकीचें पाहणाराचें मन पुरें करितें. साध्या मांडणींत बारा व्होल्टपर्यंतचा विजेचा प्रवाह रुळांतून चाकांत व चाकांतून इंजिनाच्या मोटारींत जातो. बटण फिरविलें कीं वेग कमीअधिक होतो, आणि प्रवाहाची दिशा उलटविली कीं गाडी मागें येते.

आपल्या महाराष्ट्रांत असा खेळ मोठ्या प्रमाणावर पाहावयाचा असेल, तर पुण्यास कोथरुड भागांत जावें. कै. बी. एस. जोशी यांनीं उभारलेलें लहान आगगाड्यांचें संग्रहालय तेथें १ एप्रिल १९९८ रोजीं सुरू झालें. परदेशांत लंडन येथें ‘मॉडेल रेल्वे क्लब’ ही संस्था इ. स. १९१० सालीं स्थापन झाली, आणि जर्मनींत हांबुर्ग येथें इ. स. २००१ सालीं असेंच एक प्रचंड प्रदर्शन उघडलें. कायमच्या संग्रहालयास पगारी माणसें ठेवितां येतात. परंतु दोन दिवसांच्या प्रदर्शनास कोण पगार देणार? तेथें आपण होऊन येणारा स्वयंसेवकच पाहिजे.

मग असे स्वयंसेवक विपुल कां मिळत नाहींत? खरी अडचण पैशाची नाहीं, मनाची आहे. ज्यानें वर्षानुवर्षें खपून मांडणी केली, त्यास दुसऱ्याच्या हातांची धास्ती वाटते. ही धास्ती अगदींच खोटी नव्हे. एका निष्काळजी धक्क्यानें इंजिन टेबलावरून फरशीवर पडतें व महिन्यांचें काम क्षणांत नासतें. म्हणून तो स्वतःच सकाळपासून सायंकाळपर्यंत उभा राहतो. दुपारीं त्याचे पाय दुखतात, पोटांत अन्न नसतें, आणि प्रश्न विचारणाऱ्या लहान मुलावर तो खेंकसतो. पुढें वय झालें म्हणजे पेट्या माळ्यावर जातात. जो आपली कळ कोणाच्याही हातीं देत नाहीं, त्याची गाडी त्याच्याबरोबरच थांबते.

पन्हाळ्याच्या मुलांस तरी हें निराळें सांगावयास नको. शिवछत्रपतींच्या गडांवर हवालदार, सरनौबत व सबनीस असे तीन अधिकारी असत. एकाच्या चुकीनें किंवा फितुरीनें गड जाऊं नये, हा त्यांतील हेतु. कारभार वांटलेला असे, म्हणून गड सुरक्षित असे. मग चार टेबलांचा लोहमार्ग एकट्याच्या हातीं कां असावा?

आतां चालक शोधावे कसे, तें पाहूं. ‘मला सर्व येतें’ म्हणणारास प्रथम निवडूं नये. गर्दींत जो सर्वांत अधिक वेळ उभा राहतो, हात पाठीमागें बांधून पाहतो, आणि गाडी बोगद्यांत गेल्यावर ती केव्हां बाहेर येईल हें मनांत मोजतो, तो खरा उमेदवार. असा मुलगाही असेल, मुलगीही असेल. पालकांतही शोधावें: कोणी सुतारकाम जाणतो, कोणी विजेचें. कोल्हापूर-मिरजेकडे रेल्वेंतून निवृत्त झालेले गृहस्थ असतात. त्यांस आदरानें बोलवावें. विनंति करितांना मोघम बोलूं नये. ‘केव्हां तरी मदतीस या’ या बोलावण्यास कोणी येत नाहीं. ‘शनिवारीं दहा ते बारा या वेळांत स्थानकाचे सांधे तुम्ही सांभाळाल काय?’ असें विचारिल्यास मनुष्य होय किंवा नाहीं म्हणूं शकतो. आणि जो नाहीं म्हणेल, त्याचा राग मानूं नये.

शिक्षणाचे धडे क्रमानें द्यावे.

पहिला धडा डोळ्यांचा. बटणास हात लावण्यापूर्वीं शिकाऊ चालकानें सर्व मार्ग कागदावर काढावा. प्रत्येक रुळास, प्रत्येक सांध्यास नांव किंवा आंकडा द्यावा. ज्यास नकाशा न पाहतां मार्ग सांगतां येतो, तोच पुढें जावा.

दुसरा धडा फडक्याचा. रुळांवर धूळ बसली कीं वीज चाकांत नीट जात नाहीं व गाडी अडखळते. पन्हाळ्याचें पावसाळी धुकें तर धातूचें वैरीच. म्हणून स्पिरिटचा किंचित् बोळा घेऊन रूळ व चाकें पुसण्याचें काम नव्या माणसास द्यावें. हें हलकें काम समजूं नये. रूळ पुसतांना बोटांस प्रत्येक सांधा कळतो, आणि कोठें खांच आहे तें डोळ्यांपूर्वीं बोटें सांगतात.

तिसरा धडा संथपणाचा, आणि हा सर्वांत कठीण. नवा चालक हटकून गाडी पळवितो. येथें गणिताचा उपयोग करावा. खरी गाडी ताशीं ८७ किलोमीटर जात असेल, तर लहान गाडीनें ताशीं १ किलोमीटर, म्हणजे सेकंदास सुमारें २८ सेंटिमीटर जावें. पांच मीटरांचें टेबल ओलांडण्यास तिला १८ सेकंद लागावे. जो मुलगा तेंच टेबल पांच सेकंदांत ओलांडतो, त्याची गाडी खऱ्या मापानें ताशीं ३१३ किलोमीटर धांवली! घड्याळ लावून हें त्यास दाखवावें. रागावण्याची गरज पडत नाहीं. नंतर फलाटावर खडूची रेघ काढून इंजिन बरोबर त्या रेघेपाशीं, धक्का न देतां, थांबविण्याचा सराव दहा वेळां करवावा.

चौथा धडा सहकार्याचा. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊं नयेत म्हणून आपल्या रेल्वेंत चालकास ‘गोळा’ देण्याची पद्धत होती. तो हातीं आल्याशिवाय पुढच्या स्थानकाकडे निघावयाचें नाहीं, आणि एका वेळीं एकच गोळा यंत्रांतून बाहेर निघे. तोच नियम येथें पाळावा. लांकडाचा एक चेंडू घ्यावा. तो ज्याच्या हातीं, त्याचीच गाडी एकेरी मार्गावर जाईल. एकानें गाडी चालवावी, दुसऱ्यानें सांधे व सिग्नल पाहावे, तिसऱ्यानें लोकांस माहिती सांगावी.

पांचवा धडा अपघाताचा. गाडी रुळावरून घसरणारच. प्रथम वीज बंद. मग डबा दोन्ही बाजूंनीं अलगद धरून चाकें रुळांवर बसवावीं. मग सांधा तपासावा. शेवटीं वीज सुरू. ‘कोणाची चूक?’ हा प्रश्न लोकांसमक्ष विचारूं नये. सायंकाळीं, दालन रिकामें झाल्यावर, शांतपणें विचारावा. ज्या मुलाचा पहिल्याच चुकीस चारचौघांत अपमान झाला, तो दुसऱ्या दिवशीं येत नाहीं. आणि त्याच्याबरोबर त्याचे मित्रही येत नाहींत.

सहावा धडा बोलण्याचा. पाहणारा पाहुणा आहे. त्याच्याकडे पाठ करून चालकांनीं आपसांत गप्पा मारूं नयेत. लहान मुलानें हात पुढें केला तर ओरडूं नये. ‘ही गाडी आतां कोणत्या बाजूनें येईल, सांग पाहूं’ असें विचारावें. हात आपोआप मागें जातो. उत्तर ठाऊक नसेल तर तसें स्पष्ट म्हणावें व जाणत्यास बोलवावें.

हे धडे झाल्यावर शिकाऊ चालकानें प्रथम जुन्या चालकाशेजारीं उभें राहून पाहावें, मग त्याच्या देखरेखीखालीं चालवावें, मग एकट्यानें. एका तासाहून अधिक वेळ कोणासही सलग उभें करूं नये. जेवणाची, पाण्याची व विश्रांतीची व्यवस्था आधींच लिहून भिंतीवर लावावी. स्वयंसेवक फुकट काम करितो म्हणून त्याची भूकही फुकट समजूं नये. आणि ज्यास काम येऊं लागलें, त्यानें पुढील वर्षीं एका नवख्यास शिकवावें. येथें शिक्षण पुरें होतें, त्यापूर्वीं नाहीं.

पालकांस एक विनंति. आपला मुलगा किंवा मुलगी सुटीच्या दिवशीं अशा कामास जाऊं इच्छीत असेल, तर ‘खेळण्यांत वेळ घालवितो’ असें म्हणूं नका. दुसऱ्याची नाजूक वस्तु हातीं घेणें, ती जपणें, वेळेवर येणें, आपली पाळी संपतांच बटण दुसऱ्याच्या हातीं देणें, हें सर्व त्या टेबलापाशीं शिकावयास मिळतें.

आणि मांडणीच्या मालकांस इतकेंच सांगणें: इंजिन मोडलें तर पुन्हां जोडतां येतें. परंतु डोळे विस्फारून तासभर उभ्या असलेल्या मुलास ‘तूं लांब राहा’ म्हणून परत पाठविलें, तर तो कदाचित् पुन्हां येणार नाहीं. त्यास जवळ बोलवा. प्रथम त्याच्या हातीं फडकें द्या.