घराचा दलाल : परवाना, जबाबदारी आणि कारवाई

कापडाच्या धंद्यात दलालाशिवाय पान हलत नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत येथला माल रविवार पेठेतल्या कापडगंजात येतो, तेव्हा मध्ये कोणी ना कोणी दलाल किंवा आडत्या असतोच. त्याने हलका माल चांगला म्हणून गळ्यात मारला, तर पुढच्या मोसमात त्याला कोणी दुकानाची पायरी चढू देत नाही. तीच त्याची शिक्षा, आणि ती पुरेशी असते. कारण व्यापाऱ्याचा त्याच्याशी वर्षातून वीस वेळा सौदा होतो.

घराचे तसे नाही. सामान्य माणूस आयुष्यात बहुधा एकदाच घर घेतो. दागिने मोडून, गावाकडची जमीन विकून, नाहीतर आखातातल्या मुलाच्या कमाईतून पैसा उभा करतो. दलालाने फसवले तर 'पुढच्या वेळी बघून घेऊ' असे म्हणायला पुढची वेळच नसते. म्हणून घराच्या दलालावर बाजाराचा धाक पुरत नाही, कायद्याचा धाक लागतो. हा कायदा काय आहे आणि दलालावर कारवाई कशी होते, हे खरेदीदारांनी व दलाली करणाऱ्यांनीही समजून घ्यावे.

पूर्वीची स्थिती

महाराष्ट्रात सदनिकांसाठी १९६३ चा मालकी हक्क सदनिका कायदा, म्हणजे 'मोफा', आहे. त्याने बिल्डरवर बंधने घातली. पण दलालासाठी परवाना ठेवला नाही. दुकाने व आस्थापना कायद्याखालचा दाखला भिंतीवर टांगला की लोक त्यालाच परवाना समजत. तो फक्त दुकान उघडण्याचा दाखला. दलालाच्या लायकीचा नव्हे.

मात्र एक जुना आधार होता आणि आजही आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २२० सांगते की, प्रतिनिधीने कामात गैरवर्तन केले, तर कामाच्या तेवढ्या भागाचा मोबदला त्याला मागता येत नाही. कलम २१६ त्याही पुढे जाते. समजा, तुम्ही घर विकण्याचे काम दलालावर सोपवले. त्याने तुम्हाला न कळवता ते स्वतःसाठीच घेतले आणि चढ्या भावाने पुढे विकले. असा नफा मूळ मालकाला मागता येतो. मात्र त्यासाठी दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तेवढी सवड व पैसा किती जणांकडे असतो?

२०१७ नंतरचा बदल

स्थावर संपदा कायदा, म्हणजे 'रेरा', २०१६ मध्ये मंजूर झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. महाराष्ट्रात त्यासाठी 'महारेरा' हे प्राधिकरण असून पुण्यातही त्याचे कार्यालय आहे. कलम ९ नुसार नोंदणी केल्याशिवाय कोणालाही नोंदणीकृत प्रकल्पातील घर वा प्लॉट विकून देता येत नाही. एजंट म्हणा, कन्सल्टंट म्हणा की मध्यस्थ, नाव बदलून सुटका नाही. नोंदणी पाच वर्षांची असते. एकट्या व्यक्तीसाठी शुल्क १०,००० रुपये, तर फर्म वा कंपनीसाठी १ लाख रुपये ठरवण्यात आले. मिळालेला क्रमांक दलालाने प्रत्येक सौद्यात नमूद करायचा असतो.

गैरवर्तन कशाला म्हणावे?

कलम १० मध्ये दलालाची कर्तव्ये दिली आहेत. ती मोडणे म्हणजे गैरवर्तन. सोप्या भाषेत :

१. ज्या प्रकल्पाला नोंदणी आवश्यक असूनही झालेली नाही, त्यातले घर वा प्लॉट विकून देणे.
२. बिल्डरकडे नसलेली मंजुरी आहे असे सांगणे. 'एन. ए. झाले आहे', 'प्लॅन पास आहे' ही वाक्ये इथेच मोडतात.
३. ज्या सोयी द्यायच्याच नाहीत, त्यांची जाहिरात करणे.
४. बुकिंगच्या वेळी खरेदीदाराला मिळायला हवी ती माहिती व कागदपत्रे न मिळवून देणे.
५. हिशोबाच्या वह्या व कागदपत्रे न ठेवणे.

यापैकी चौथा मुद्दा लोक विसरतात. फक्त खोटे बोलणे हाच गुन्हा नाही. खरे दाखवायचे टाळणे हाही कसूर आहे.

शिक्षा किती?

पहिली शिक्षा परवान्यावर येते. अटी मोडल्या किंवा खोटी माहिती देऊन नोंदणी मिळवली असे दिसले, तर कलम ९ नुसार प्राधिकरण ती रद्द करू शकते वा ठरावीक मुदतीसाठी स्थगित करू शकते. परंतु दलालाचे म्हणणे ऐकल्याशिवाय नोंदणी रद्द करता येत नाही, हेही कायद्यातच आहे. रद्द झालेल्यांची नोंद संकेतस्थळावर लोकांना पाहण्यासाठी ठेवण्याची तरतूद आहे.

दुसरी शिक्षा दंडाची. कलम ९ किंवा १० मोडल्यास कसूर चालू राहील त्या प्रत्येक दिवसाला १०,००० रुपये, आणि तो दंड वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. हिशोब मांडून पाहा. घर ४० लाखांचे असेल, तर ५ टक्के म्हणजे २ लाख. वीस दिवसांत ही मर्यादा गाठली जाते. दलाली दोन टक्के धरली, तर मिळकत ८० हजार आणि दंड २ लाख. हा सौदा कोणत्या व्यापाऱ्याला परवडेल?

प्राधिकरणाचा आदेश न पाळल्यास वेगळा दंड आहे. अपील न्यायाधिकरणाचा आदेश मोडला, तर एक वर्षापर्यंत कैदेचीही तरतूद आहे. ज्याला आदेश अमान्य असेल, त्याला ६० दिवसांत अपील करता येते.

प्रत्यक्षात काय घडले?

१० जानेवारी २०२३ च्या आदेशाने महारेराने दलालांसाठी प्रशिक्षण, परीक्षा व प्रमाणपत्र सक्तीचे केले. जुन्या दलालांना १ जानेवारी २०२४ पर्यंत मुदत मिळाली. मुदत उलटून गेल्यावर, मे २०२४ मध्ये, सुमारे २० हजार दलालांची नोंदणी एक वर्षासाठी स्थगित झाली. तोवर राज्यात सुमारे ४७ हजार दलाल नोंदले गेले होते. त्यापैकी १३ हजारांहून अधिक जणांची नोंदणी नूतनीकरण न केल्यामुळे आधीच रद्द झाली होती.

हे आकडे मोठे आहेत, पण ते नीट वाचले पाहिजेत. या वीस हजारांनी सर्वांनी लोकांना फसवले, असा त्यांचा अर्थ नाही. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हते, म्हणून कारवाई झाली. कागद अपुरा असणे ही एक गोष्ट आणि फसवणूक ही दुसरी. पहिलीवर कार्यालय स्वतःहून कारवाई करू शकते, कारण तिचा पुरावा दप्तरातच असतो. दुसरीसाठी मात्र फसलेल्या माणसाला पुढे यावे लागते. परीक्षा पास झालेला दलाल खोटे बोलणारच नाही, असेही समजू नये.

तक्रार का टिकत नाही?

महारेराकडे तक्रार ऑनलाइन करता येते. अडचण पुराव्याची असते. इसार रोख दिलेला, पावती नाही, आश्वासने तोंडी. मग दलाल सरळ म्हणतो, 'मी फक्त जागा दाखवली.' खरे तर २०१५ पासून आयकराच्या नियमानुसार स्थावर मालमत्तेच्या सौद्यात २० हजार किंवा अधिक रक्कम रोखीने घेता येत नाही. शिवाय बिल्डरला नोंदणीकृत करार केल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. हे दोन नियम पाळले, तरी पुरावा आपोआप तयार होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील, तर त्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. जुन्या घराची फेरविक्री व भाड्याचे व्यवहारही साधारणपणे या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात. तेथे ग्राहक आयोग, दिवाणी कोर्ट आणि उघड फसवणूक असेल तर पोलीस, हेच मार्ग आहेत. पुण्याच्या कडेला गुंठ्यागुंठ्याने प्लॉट विकताना 'इथे रेरा लागत नाही' असे कोणी म्हणाला, तर त्याचा अर्थ 'इथे तुमचे संरक्षण कमी आहे' असा घ्यावा आणि सातबारा, मोजणी व मंजुरी वकिलाकडून तपासून घ्यावी.

बाहेरच्या देशांत

दुबईत दलालांच्या नोंदणीचा नियम २००६ पासून आहे. तिथे राहिलेल्या आपल्या लोकांना दलालाचे कार्ड मागण्याची सवय असते. तीच सवय गावी आल्यावर का सोडावी? सिंगापुरात २०१० च्या कायद्याने वेगळी परिषद नेमली. तेथे घरविक्रीचा पैसा दलालाने हाताळायचाच नाही, आणि एकाच सौद्यात दोन्ही बाजूंचा दलाल व्हायचे नाही, असा नियम आहे. आपल्याकडे दोन्हीकडून दलाली घेणे सर्रास चालते. मग तो माणूस नक्की कोणाचा, हे कोणालाच कळत नाही.

घेणाऱ्यांसाठी आणि दलालांसाठी

घेणाऱ्याने दलालाचा क्रमांक मागावा व तो महारेराच्या संकेतस्थळावर पडताळावा. नोंदणी चालू आहे की स्थगित, ते पाहावे. प्रकल्पाचा क्रमांकही तसाच तपासावा. दलाली किती, कोण देणार, केव्हा देणार, हे लिहून घ्यावे. पैसे बिल्डरच्या खात्यात चेकने भरावेत, दलालाच्या हातात देऊ नयेत. बोलणी झाली की त्यातले मुद्दे त्याच दिवशी मोबाईलवर लिहून त्याला पाठवावेत.

कोंढवा, उंड्री, हडपसर भागात आपली बरीच तरुण मुले या धंद्यात उतरली आहेत. त्यांनी परीक्षेचा कंटाळा करू नये. प्रत्येक ग्राहकाची फाईल आणि दलालीची वही ठेवावी. एखाद्या जागेच्या कागदात खोट असेल, तर ती आपणच आधी सांगावी. एक सौदा जाईल. पण तो ग्राहक स्वतः दुसरे घर घेणार नसला, तरी आपल्या भावाला आणि शेजाऱ्याला तुमच्याकडे पाठवील. घराच्या धंद्यातही गिऱ्हाईक परत येते, फक्त ते दुसऱ्याच्या रूपाने येते.