मोडी आधी, ब्रश नंतर

अगं छकुले, तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं काम करायचंय म्हणतेस, आणि काका विचारतात, त्यात पोट भरतं का? भरतं गं, पण सावकाश. सुरुवातीची काही वर्षं कामं प्रकल्पापुरतीच मिळतात, सहा महिने, फार तर वर्ष. हे काकांना स्पष्ट सांग, लपवू नकोस.

पण मला दुसरंच सांगायचंय. तू कोर्सची, ब्रशची, जपानी टिश्यूची चौकशी केलीस. मोडीचं नावही काढलं नाहीस. आधी मोडी शीक. पुराभिलेख खात्याचे वर्ग निघतात, तिथे नाव घाल. अख्ख्या ओळीवर आधी रेघ ओढायची, मग हात न उचलता अक्षरं खाली लोंबत जायची. शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पहिले पंधरा दिवस रडू येईल. मग एक दिवस 'छ' दिसेल, त्यापुढे आकडा आणि 'रमजान' किंवा 'सफर' असा महिना, आणि कळेल की ही चंद्राची तारीख आहे. त्या दिवशी कागद तुझ्याशी बोलायला लागेल.

हे एवढं का सांगतेय, ऐक. या कामाच्या दुसऱ्याच वर्षी माझ्याकडे एक लांब कागद आला होता, दोन तुकडे एकमेकांना चिकटवून केलेला. जोड सुटला होता. मऊ ब्रशने धूळ झाडली, गव्हाच्या सत्त्वाची खळ लावली आणि जोड पुन्हा बसवला, छान सपाट. तिथल्या मोडी वाचणाऱ्या जाणकारांनी कागद उलटा केला आणि गप्पच झाले. मागे जोडावर शिक्का होता, अर्धा या तुकड्यावर, अर्धा त्या. एखादा तुकडा कुणी बदलू नये म्हणून उमटवलेला. मी कागद जरा जास्त चढवला आणि शिक्क्याची दोन टोकं जुळेनाशी झाली. आपण येताजाता 'शिक्कामोर्तब' म्हणतो ना? वर शिक्का आणि मजकूर संपला तिथे मोर्तब, पुढे कुणी ओळ घुसवू नये म्हणून. शब्द माझ्या तोंडात रोज होता, पण हातातल्या कागदावर मला तो दिसला नाही.

खळ होती म्हणून वाचले. ओलावा दिला, जोड पुन्हा सोडवला, नीट जुळवला. बाजारातला पांढरा गोंद असता तर ते तुकडे कायमचे तसेच राहिले असते. तेव्हापासून कुठलाही पदार्थ कागदाला लावण्याआधी मी स्वतःला विचारते, उद्या हा काढता येईल का? सेलोटेप आणि लॅमिनेशन त्या परीक्षेत बसतच नाहीत. टेपचा चिकटा पिवळा पडून कागदात मुरतो, आणि तापवून चढवलेलं प्लास्टिक काढताना अक्षरं सोबत येतात.

काम पुष्कळ आहे, त्याची काळजी करू नकोस. गोविंद सखाराम सरदेसाईंनी 1930 ते 1934 मध्ये पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड काढले, तरी पुण्यात रुमालात बांधलेले कितीतरी कागद अजून कुणी वाचलेले नाहीत. आणि गंमत बघ, दोनशे वर्षांचा हातकागद अजून कापडासारखा वाकतो. आजोबांच्या वेळचा गिरणीचा कागद मात्र घडीवर मोडतो, कारण त्यातलं आम्लच त्याला खातं. तेव्हा घाई जुन्यापेक्षा या नव्या कागदांचीच आहे.

आजीच्या ट्रंकेत ते खरेदीखत आहे ना, घडीवर फाटलेलं? काका परवा म्हणत होते, लॅमिनेट करून आणतो. त्यांना थांबव. स्वच्छ सुती फडक्यात सैल गुंडाळून ठेव, वर काही दडपू नकोस. दिवाळीला येते, तेव्हा दोघी मिळून उलगडू.