रिंगणातून पडद्यावर

मुंबई शेअर बाजाराची स्थापना 1875 ची. तेथे दलाल रिंगणात ओरडून, हातवारे करून सौदे करीत. बाहेरच्या गुंतवणूकदारास दलाल सांगेल तो भाव मानावा लागे. 1994 मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने संगणकाच्या पडद्यावर सौदे सुरू केले. 1995 मध्ये मुंबई बाजारानेही तोच मार्ग धरला आणि भाव सर्वांना दिसू लागला.

आज अल्गोरिदम डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी सौदे करतात. ‘सेबी’च्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये 93 टक्के वैयक्तिक सौदेकरी तोट्यात गेले, बड्या संस्थांचा बहुतांश नफा मात्र अल्गोरिदमने मिळवला.

दार सर्वांना उघडले, म्हणून बळ समान झाले असे नव्हे. मोबाइलवर सौदा करणाऱ्या आपल्या तरुणांनी समोर कोण आहे, हे आधी जाणावे.