आत्मपरीक्षणाची वही

दिव्य कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कर्जाच्या व्यवहाराविषयी आहे. सूरह अल्-बकराच्या या २८२व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याची लेखी नोंद ठेवण्याची आज्ञा असून, रक्कम लहान असो वा मोठी, ती लिहिण्याचा कंटाळा करू नये, अशी ताकीदही आहे. शेगावच्या बाजारपेठेत रात्री दुकान वाढवण्यापूर्वी उधारीची वही उघडणारा कोणताही किराणा दुकानदार यामागील कारण जाणतो. तोंडी राहिलेली रक्कम आठ दिवसांत विसरली जाते, आणि विसर बहुधा ज्याचे देणे असते त्यालाच पडतो.

मनाचा व्यवहार याहून निराळा नाही. अंतिम दिनी हिशेब होण्यापूर्वी स्वतःच स्वतःचा हिशेब घ्या, असा उपदेश हजरत उमर (रजि.) करीत असत. इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात या विषयास स्वतंत्र प्रकरण दिले आहे. तेथे ते मनाला व्यापारातील भागीदार मानतात. सकाळी त्याच्याशी अटी ठरवाव्यात, दिवसभर त्याच्यावर लक्ष ठेवावे आणि रात्री त्याच्याकडून हिशेब घ्यावा. हा भागीदार मोठा हुशार आहे. नुसते विचार करीत बसलात, तर तो दोन मिनिटांत तुमची समजूत घालून मोकळा होतो. कागदावर मात्र त्याला वाक्य पूर्ण करावे लागते.

परंतु कोरे पान समोर आले की लिहावे काय, हे सुचत नाही. दोन दिवस जेवणखाण आणि हवापाणी यांची नोंद होते व तिसऱ्या दिवशी वही बंद पडते. म्हणून वही उघडताना समोर एक प्रश्न असावा, आणि एका रात्री एकच असावा. हे प्रश्न शोधण्यास दूर जावे लागत नाही. तिर्मिजीतील एका हदीसीनुसार पाच गोष्टींविषयी विचारणा झाल्याखेरीज अंतिम दिनी माणसाचे पाऊल जागचे हलणार नाही: आयुष्य कशात घालवले, तारुण्य कशात खर्ची घातले, धन कोठून मिळवले, ते कोठे खर्च केले आणि जे ज्ञान मिळाले त्यावर किती आचरण केले. परीक्षेची प्रश्नपत्रिका आधीच हाती ठेवणारा परीक्षक दुसरा कोण आहे?

यांपैकी तिसरा प्रश्न घ्या. शेगाव स्थानकावर बाहेरगावचे भाविक रोज उतरतात. समजा, तुमचा ऑटो आहे. गर्दीचा दिवस, सोबत वृद्ध माणूस, गावाची माहिती नाही, अशा प्रवाशाकडून तुम्ही नेहमीच्या भाड्याहून वीस रुपये अधिक घेतले. मन म्हणेल, सगळेच घेतात. पण वहीत ‘आज एका वृद्धाच्या अडचणीचे मी वीस रुपये घेतले’ असे लिहून पाहा. ‘सगळेच’ हा शब्द त्या वाक्यात कोठे बसत नाही. आणि येथे केवळ पश्चात्ताप पुरत नाही, कारण हा माणसाचा हक्क आहे. ज्याचे त्याला परत करावे. तो सापडण्याची शक्यताच नसेल, तर त्याच्या वतीने गरजूला द्यावे, असे धर्मशास्त्राचे जाणकार सांगतात. त्या रात्रीचे लेखन ते वीस रुपये दिल्यावरच पूर्ण होते.

सूरह अल्-माऊन वाचून झाल्यावर, शेजारणीला आज कोणती किरकोळ वस्तू देण्याचे मी टाळले, हे लिहावे. सूरह अस्-सफ्फच्या आरंभी श्रद्धावंतांना, जे करीत नाही ते बोलता का, असे खडसावून विचारले आहे. मुलाला दिलेले आणि न पाळलेले आश्वासन लिहिण्यास ही जागा योग्य आहे. सूरह अर्-रहमानमध्ये पालनकर्त्याच्या कोणत्या देणग्या नाकाराल, हा प्रश्न ३१ वेळा येतो. तेथे ३१ देणग्यांची यादी नको. एकच लिहा, पण ती कोणाच्या हातून आपल्यापर्यंत आली, त्या माणसाच्या नावासह लिहा.

भाषेविषयीही थोडे सांगितले पाहिजे. आपल्या घरांत शुक्र, तौबा, सब्र हे शब्द दिवसातून अनेकदा उच्चारले जातात. ते पवित्र शब्द आहेत, तथापि सवयीने त्यांच्याआड लपताही येते. ‘मी तौबा केली’ हे लिहिणे सोपे आहे. ‘मी भावाशी चार महिने बोललो नाही आणि चूक माझी होती’ हे मराठीत लिहिताना हात थांबतो. ज्या भाषेत आपण भांडतो, भाव करतो, मुलांना रागावतो, त्याच भाषेत हा हिशेब लिहावा. लेखनशैलीची चिंता करू नये. इब्न अल्-जौजी (रह., निधन हि. ५९७) यांनी मनात येऊन निसटणारे विचार टिपून ठेवले आणि त्यांतूनच ‘सैदुल खातिर’, म्हणजे विचारांची शिकार, हा ग्रंथ झाला. मुलांनाही रात्री एखादी दुआ स्वतःच्या शब्दांत लिहू द्यावी. सायकल मागितली तर हसू नये.

एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. अल्लाहने ज्यावर रात्री पडदा टाकला, ते सकाळी स्वतःच उघड करणाऱ्याविषयी सहीह बुखारीत कठोर इशारा आहे. म्हणून गुन्ह्याचे वर्णन लिहू नये. कोणाचे काय देणे आहे आणि उद्या काय करायचे, एवढेच लिहावे. ही वही कोणास दाखवू नये, भ्रमणध्वनीवरून पाठवू नये. आईवडिलांनो, मुलीची वही उशीखाली दिसली तर ती तेथेच राहू द्या. सूरह अल्-हुजुरातच्या १२व्या आयतीतील पाळत ठेवण्याची मनाई घरातही लागू आहे. मुलीने वही लिहिणे एकदा सोडले, तर ती तुम्हाला सांगणेही सोडते.

वही भरल्यावर ती रद्दीत घालू नये. पानांवर अल्लाहचे नाव असणारच. देणी फिटली आहेत ना, हे एकदा पाहून घ्यावे आणि ती पाने एखाद्या स्वच्छ जागी पुरावीत.