गोवराची साखळी आणि पाड्यावरचे तान्हे मूल

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतील अनेक पाडे सातपुड्याच्या उतारांवर विखुरलेले आहेत. दिवाळीनंतर तेथील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. या काळात अंगणवाडीत लसीकरणाचे सत्र होऊन जाते. गावाबाहेर असलेल्या मुलाची मात्रा मात्र राहून जाते. त्यामुळे नेमके काय बिघडते, हे गावाचा कारभार पाहणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

गोवर-रुबेला लशीत दुर्बळ केलेले विषाणू असतात. त्यांच्याशी सामना करताना शरीर प्रतिपिंडे तयार करते व शत्रूची ओळख लक्षात ठेवते. पुढे खरा विषाणू आल्यास प्रतिकार त्वरेने होतो. पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर, तर दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान दिली जाते. पहिल्या मात्रेनंतरही सुमारे १५ टक्के मुलांत पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही. ती उणीव दुसरी मात्रा बहुतांशी भरून काढते.

परंतु ९ महिन्यांखालील तान्ह्या मुलाचे काय? आईकडून मिळालेले संरक्षण काही महिन्यांत ओसरते आणि नियमित लशीची वेळ आलेली नसते. त्याचे रक्षण भोवतालच्या लसवंत मुलांवरच अवलंबून असते. संरक्षण नसलेल्या वस्तीत गोवराच्या एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते. हा आकडा १५ धरू. शंभरातील ९० जण सुरक्षित असतील, तर एका रुग्णामागे सरासरी दीड नवा रुग्ण होईल व साथ वाढत जाईल. ९५ जण सुरक्षित असतील, तर हे प्रमाण एकाहून कमी होते आणि साखळी तुटते. यालाच सामूहिक प्रतिकारशक्ती म्हणतात.

येथे जिल्ह्याची सरासरी पुरेशी नाही. लस न मिळालेली मुले एकाच पाड्यावर असतील, तर साथीला तेवढी जागा पुरते. २०२२ साली मुंबई, मालेगाव व भिवंडी येथील दाट वस्त्यांत गोवराची साथ पसरली होती, हे विसरून चालणार नाही.

म्हणून कुटुंबे गाव सोडण्यापूर्वी आशा, अंगणवाडी सेविका, शिक्षक व पंचायत सदस्यांनी मिळून मुलांची यादी तपासावी. माता व बाल संरक्षण कार्ड पालकांनी सोबत न्यावे. राहिलेली मात्रा ५ वर्षे वयापर्यंत देता येते. तेव्हा कुटुंब परतताच ती द्यावी. एका मुलाला दिलेली मात्रा शेजारच्या झोळीतील तान्ह्याचेही रक्षण करते.