एकाच नावाचे दोन टॅग

विसरवाडी, ता. नवापूर, जि. नंदुरबार



टॅग म्हणजे ठरावीक कमिटला दिलेले कायमचे नाव. ग्राहकाकडे कोणती आवृत्ती गेली, याचा तोच पुरावा. म्हणून रिपॉझिटरी एका आवृत्ती-नियंत्रण प्रणालीतून दुसरीत नेताना एकाच नावाचे दोन टॅग निघाले, तर खातरजमा केल्याशिवाय एकही पुसू नये.

घोळाचे मूळ प्रणालींच्या घडणीत असते. सीव्हीएसमध्ये टॅग फाइलगणिक लागतो; त्यामुळे एकच नाव काही फाइलींत टॅग, तर काहींत ब्रँच असू शकते. सीव्हीएसटूएसव्हीएन हे साधन अशा वेळी ज्या अर्थाने वापर जास्त, तो अर्थ धरू शकते. अंदाज चुकत असेल तर नियम हाताने द्यावा. सबव्हर्जनमध्ये टॅग ही फोल्डरची प्रत असते आणि तिच्यात नंतरही कमिट करता येते. मर्क्युरिअल टॅगच्या नोंदी एका साध्या फाइलीत ठेवते. टॅग हलवला की जुनी नोंद राहते, पण शेवटची चालते. गिटमध्ये एका नावाला एकच टॅग. डिसेंबर २०१८ मधल्या २.२० आवृत्तीपासून, फेच करताना आधीचा टॅग सक्तीच्या पर्यायाशिवाय बदलत नाही. गिटने नकार दिला की सक्ती लावण्याआधी दोन्ही टॅग कोणत्या कमिटवर आहेत ते पाहावे.

कामाचा क्रम असा. आधी दोन्हीकडच्या टॅगांची यादी काढावी. प्रणाली बदलली की कमिटचे हॅश बदलतात, म्हणून हॅश न जुळवता दोन्ही टॅगांवरच्या फाइली ताडून पाहाव्यात. मजकूर एकच असेल तर एक टॅग पुरे. वेगळा असेल तर ग्राहकाकडे गेलेल्या आवृत्तीला मूळ नाव आणि दुसरीला प्रत्यय द्यावा. अनेक रिपॉझिटरी एकत्र होत असतील तर प्रत्येकीच्या टॅगापुढे प्रकल्पाचे नाव लावावे: ‘बिलिंग/१.०’, ‘स्टॉक/१.०’. मात्र नुसता ‘बिलिंग’ नावाचा टॅग आधीच असेल, तर गिट ‘बिलिंग/१.०’ घेत नाही.

बदललेल्या प्रत्येक नावाची जुने-नवे अशी नोंद रिपॉझिटरीतच ठेवावी. आपल्याच गावाचे पाहा: १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. विसरवाडीच्या त्याआधीच्या कागदांवर जिल्हा धुळे असतो. तो कोणी खोडत नाही, दोन्ही नावांचा मेळ ठाऊक असला की काम भागते. टॅगांचेही तसेच.

हे सारे आधी प्रतीवर करून पाहावे. स्थलांतरानंतर जुनी रिपॉझिटरी केवळ वाचण्यापुरती खुली ठेवावी आणि प्रत्येक प्रकाशित टॅगवरून बिल्ड करून तपासावे. ते जमले की काम पूर्ण.

तुझा मामा