कॉम्प्युटर जुनाच पासवर्ड धरून बसला तर?

ताईंनो, लातूरला महिन्याचा अहवाल पाठवायचाय अन् वर्ड-एक्सेल सारखं ‘साइन इन करा’ म्हणतंय? पासवर्ड बदलला तरी कॉम्प्युटरने जुनाच जपून ठेवलेला असतो. घाबरू नका, असं करा:

१. नवा पासवर्ड नीट आठवतो ना, ते आधी बघा.
२. फाईल कॉम्प्युटरवर सेव्ह करून वर्ड, एक्सेल बंद करा.
३. स्टार्टमध्ये ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’ शोधा. ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’ उघडा.
४. ‘मायक्रोसॉफ्टऑफिस१६’ नावाने सुरू होणाऱ्या नोंदी ‘रिमूव्ह’ करा. बाकीच्यांना हात लावू नका.
५. कॉम्प्युटर बंद करून चालू करा, नव्या पासवर्डने साइन इन करा.

कॉम्प्युटरवर सेव्ह केलेल्या फायली यात जात नाहीत. मात्र पासवर्ड फोनवर कुणालाच सांगू नका. गटाचा हिशोब त्याच्यामागं आहे.